स्मार्ट नॅनोकणांसाठी केमो थांबवावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठ्या बहिणीला वयाच्या ४६व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाल्याचं निदान झालंय. स्टेज दुसरी, काखेतल्या एका लिम्फ नोडमध्ये पसरलेला. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी केमो सुचवली आहे: सुरुवातीला डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड, नंतर पॅक्लिटॅक्सेल. तुमच्या वाचनात आलं की स्मार्ट नॅनोकण औषध थेट कर्करोगाच्या पेशींपर्यंत नेतात आणि बाकी शरीराला धक्का लागत नाही. मग ही जुनी औषधं कशासाठी? नॅनोचं औषध मिळेपर्यंत चार-सहा महिने थांबावं का? आणि ताईंचे केस वाचतील का?

थांबू नका. आधी हे सांगून टाकतो, कारण हे वाचत असताना तिकडे तारीख ठरायची राहिली असेल तर ती ठरवून घ्या. तपासण्या पूर्ण व्हायला, दुसरं मत घ्यायला काही दिवस गेले तर बिघडत नाही. पण दुसऱ्या स्टेजचा स्तनाचा कर्करोग बरा करण्याच्या हेतूनेच आपण उपचार करतो, आणि तिथे चार-सहा महिने हातचे घालवणं परवडत नाही.

आता कारणं. मी मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट आहे. लायपोसोममधलं, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म गोळीत भरलेलं डॉक्सोरुबिसिन आणि अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल, ही दोन्ही नॅनो-औषधं माझ्या नेहमीच्या वापरातली आहेत. म्हणजे मी नॅनोच्या विरोधात बोलत नाहीये. तुमच्या प्रश्नामागे खरी काळजी वेगळी असावी असं मला वाटतं: जगात चांगलं औषध असताना आपल्या माणसाला कमी प्रतीचं दिलं जातंय का? त्याचं उत्तर द्यायचं तर हे कण नक्की काय करतात आणि कुठे अडकतात, ते समजून घ्यायला हवं.

साध्या डॉक्सोरुबिसिनचा रेणू इतका छोटा असतो की शिरेतून आत गेल्यावर काही मिनिटांतच तो रक्तातून बाहेर पडून शरीरभर पसरतो. त्यात केसांची मुळं आली, आतड्याचं अस्तर आलं, हृदयाचा स्नायूही आला. तेच औषध ऐंशी-शंभर नॅनोमीटरच्या चरबीच्या सूक्ष्म गोळीत कोंडलं की ते निरोगी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून सहजी बाहेर पडत नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला दोनेक दिवस लागतात. गाठीतल्या रक्तवाहिन्या मात्र घाईघाईने वाढलेल्या, सैल भिंतींच्या असतात. तिथून कण झिरपतात, आणि गाठीचा निचरा नीट होत नसल्यामुळे आतच साचतात. मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ साली ही कल्पना मांडली, आणि पुढची तीन दशकं या क्षेत्राची इमारत त्याच पायावर उभी राहिली.

‘स्मार्ट’ हा त्याच्या पुढचा टप्पा. कण नुसता साचून भागत नाही, औषध योग्य जागी सुटायला हवं. त्यासाठी गाठीतली परिस्थितीच वापरून घेतात. रक्ताचा पीएच ७.४ असतो, गाठीभोवती तो ६.५ ते ६.९ पर्यंत उतरतो, आणि पेशीने कण गिळल्यावर तो ज्या पिशवीत जाऊन पडतो तिथे ५ च्याही खाली जातो. या आम्लतेत विरघळणारं कवच करता येतं. ग्लुटाथायोन नावाचं रसायन पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त असतं, त्याने तुटणारे बंध वापरता येतात. गाठीतली विकरं (एन्झाइम्स), बाहेरून दिलेली उष्णता, प्रकाश, चुंबकीय क्षेत्र, असे आणखी मार्ग आहेत. शिवाय कणावर अँटिबॉडी किंवा एखादा रेणू लावून तो ठरावीक पेशीलाच चिकटावा अशीही सोय करतात.

तुम्ही जे लेख वाचलेत त्यांत बहुधा एक आलेख असेल: पीएच ७.४ ला औषध कणातच राहतं, पीएच ५ ला भराभर बाहेर येतं. तो आलेख खोटा नसतो. पण तो काचेच्या डबीतला असतो. कणात भरलेली सगळी हुशारी गाठीत पोचल्यानंतर कामाला येणारी आहे. कुलपाची नेमकी किल्ली खिशात असली तरी आधी त्या दारापर्यंत पोचावं लागतं, आणि खरी अडचण या पोचण्यातच आहे.

कण रक्तात शिरला की काही मिनिटांत रक्तातली प्रथिनं त्याला चिकटून त्याच्यावर थर चढवतात. अँटिबॉडी लावलेला कण असेल तर ती अँटिबॉडी या थराखाली झाकली जाऊ शकते. प्रथिनांनी माखलेला कण यकृतातल्या आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी परका म्हणून ओळखतात आणि गिळतात. त्यांचं कामच ते आहे. कणावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं आवरण दिलं तर ही ओळख लांबते, पण टळत नाही. गाठीजवळ पोचलेल्या कणालाही पुढे घट्ट तंतूंचं जाळं आणि आतून बाहेर ढकलणारा दाब पार करायचा असतो. म्हणून तो बहुतेकदा रक्तवाहिनीच्या आसपासच रेंगाळतो.

२०१६ साली टोरांटोच्या वॉरन चान यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण निघालं ०.७ टक्के. हा आकडा वाचून काही जण हे सगळं थोतांड आहे असं म्हणाले. मला ते पटत नाही, कारण साध्या केमोतलंही बहुतेक औषध गाठीबाहेरच जातं. तुलना करायची ती त्याच्याशी. पण ‘फक्त कर्करोगाच्या पेशींपर्यंत’ हे वाक्य या आकड्यापुढे टिकत नाही, हेही तितकंच खरं. त्याच गटाने २०२० मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. गाठीत शिरणारे ९७ टक्क्यांपर्यंत कण सैल फटींतून झिरपत नाहीत, रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी त्यांना सक्रियपणे आत घेतात. म्हणजे ज्या पायावर इमारत उभी होती, तोच नव्याने तपासावा लागतोय. संशोधक म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं. रुग्णाच्या खाटेशेजारी मात्र याचा अर्थ इतकाच की हे शास्त्र अजून घडतंय.

उंदरातलं यश माणसात का उतरत नाही, याचं एक साधं कारण आकारात आहे. वीस ग्रॅमच्या उंदराला अर्ध्या ग्रॅमची गाठ म्हणजे साठ किलोच्या माणसाला दीड किलोची. ती दोन-तीन आठवड्यांत वाढवलेली असते, तिच्या रक्तवाहिन्या कच्च्या आणि गळक्या असतात. तुमच्या ताईंची गाठ कदाचित काही वर्षं सावकाश वाढत आली असेल. माणसांवरचा एक जुना अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. २००१ साली १७ रुग्णांना किरणोत्सारी इंडियम भरलेले लायपोसोम देऊन स्कॅन केले गेले. १५ जणांच्या गाठी स्कॅनवर दिसल्या, म्हणजे माणसात कण साचतात हे नक्की. पण किती, यात प्रचंड फरक होता. डोक्या-मानेच्या कर्करोगात गाठीच्या प्रत्येक किलोमागे दिलेल्या मात्रेच्या सरासरी ३३ टक्के, फुप्फुसात १८ टक्के आणि स्तनाच्या कर्करोगात फक्त ५ टक्के. एकच कण, एकच पद्धत, आणि गाठीगाठीत इतका फरक. ताईंची गाठ यात कुठे बसेल हे आधी ओळखण्याची चाचणी रोजच्या व्यवहारात अजून आलेली नाही.

स्मार्ट कणांच्या मोठ्या चाचण्यांचं काय झालं, तेही तुम्हाला माहीत असावं, कारण बातमी सुरुवातीची होते, शेवटची होत नाही. उष्णतेने औषध सोडणारा थर्मोडॉक्स नावाचा लायपोसोम यकृताच्या कर्करोगात ७०१ रुग्णांवर तपासला गेला. २०१३ मध्ये कळलं की ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं नाही. पद्धत सुधारून दुसरी मोठी चाचणी घेतली, तीही यशस्वी झाली नाही. हर-टू रिसेप्टरला, म्हणजे काही स्तनाच्या कर्करोगांच्या पेशींवर जास्त असणाऱ्या एका प्रथिनाला चिकटणारा डॉक्सोरुबिसिनचा लायपोसोम, एमएम-३०२, हा तर स्तनाच्या कर्करोगासाठीच होता. २०१६ च्या अखेरीस त्याची चाचणी फायदा दिसत नाही म्हणून मध्येच थांबवली. प्रोस्टेटच्या पेशी ओळखणारा बाइंड-०१४ सुरुवातीला फार आशादायक वाटला होता. तो बनवणारी कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. या तिन्हींमागे उत्तम डोकी होती, तरी माणसाच्या शरीरात ते पुरेसं ठरलं नाही.

मग जी नॅनो-औषधं मान्यता मिळून वापरात आहेत, त्यांनी काय दिलं? माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. त्यांनी बहुतांशी दिलंय ते कमी किंवा वेगळं नुकसान. जास्त बरं होणं थोड्याच ठिकाणी दिसलं.

पेगिलेटेड (पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं आवरण दिलेल्या) लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. नॅनो-औषधांतलं ते पहिलंच. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात त्याची साध्या डॉक्सोरुबिसिनशी ५०९ स्त्रियांमध्ये थेट तुलना झाली, निकाल २००४ मध्ये आले. आजार आटोक्यात राहण्याचा काळ जवळपास सारखाच होता, ६.९ आणि ७.८ महिने. हृदयाला होणारी इजा मात्र लायपोसोमने खूपच कमी झाली. केस गळण्याचं प्रमाण साध्या औषधात ६६ टक्के, लायपोसोममध्ये २० टक्के. आणि तळहात-तळपाय सोलवटण्याचा त्रास साध्या औषधात २ टक्के, तर लायपोसोममध्ये ४८ टक्के.

हा शेवटचा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. वॉर्डात तो असा दिसतो: दुसऱ्या-तिसऱ्या सायकलनंतर, म्हणजे केमोच्या फेरीनंतर, तळवे लालसर होतात, मुंग्या येतात, मग कातडी चिरते. बाटलीचं झाकण फिरवता येत नाही, शर्टाचं बटण लावताना डोळ्यांत पाणी येतं, चपलेचा पट्टा टोचतो. कण दीर्घकाळ रक्तात फिरतो आणि जिथे दाब किंवा घासणं जास्त तिथल्या त्वचेत उतरतो, म्हणून हे होतं. मी पहिल्या दिवसापासून गरम पाणी, घट्ट पादत्राणं आणि जोराने घासण्याची कामं टाळायला सांगतो, तळव्यांना मलम लावायला सांगतो, आणि त्रास सुरू झालाच तर मात्रा कमी करतो किंवा पुढची सायकल लांबवतो. ऐंशीच्या घरातली, हृदय आधीच कमजोर असलेली, आजार पसरलेली स्त्री माझ्यासमोर असेल तर हा सौदा मी आनंदाने करतो. ताईंसारख्या ४६ वर्षांच्या, हृदय ठणठणीत असलेल्या आणि पूर्ण बऱ्या होऊ शकणाऱ्या रुग्णात करत नाही. कारण सुरुवातीच्या टप्प्यात रोग कायमचा घालवण्याचा जो भक्कम पुरावा साध्या डॉक्सोरुबिसिनमागे आहे, तो लायपोसोममागे नाही.

ही दोन्ही औषधं एकमेकांच्या जागी सरळ बदलताही येत नाहीत. मात्रा वेगळी, दोन सायकलींमधलं अंतर वेगळं, देण्याची रीतही वेगळी. लायपोसोम सलाइनमध्ये नाही, पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात, फिल्टर न लावता आणि पहिल्यांदा अगदी संथ गतीने देतात, कारण सुरुवातीच्या काही मिनिटांत चेहरा लाल होणं, छाती आवळणं, पाठ दुखणं अशी प्रतिक्रिया येऊ शकते.

आता ताईंच्या दुसऱ्या औषधाकडे, पॅक्लिटॅक्सेलकडे येतो. इथे तुमच्या प्रश्नात खरोखर दम आहे. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकात देतात. अनेक रुग्णांना ॲलर्जी येते ती मुख्यतः या द्रावकाची. त्यासाठी आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीरोधक औषधं द्यावी लागतात. अल्ब्युमिनला बांधलेल्या, साधारण १३० नॅनोमीटरच्या कणांत हा द्रावकच नसतो. या औषधाला २००५ मध्ये मान्यता मिळाली. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांतही ते तपासलं गेलंय. जर्मनीतल्या १,२०६ स्त्रियांच्या अभ्यासात ऑपरेशनच्या वेळी कर्करोगाचा मागमूस न उरण्याचं प्रमाण नॅनो-रूपात ३८ टक्के, साध्यात २९ टक्के आलं. पण तीव्र स्वरूपाची मज्जातंतूंची इजा, म्हणजे हातापायांचा बधिरपणा, १० टक्के विरुद्ध ३ टक्के. दुसऱ्या एका, ६९५ स्त्रियांच्या अभ्यासात २२.५ आणि १८.६ टक्के असा फरक आला, आणि तो संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. दोन चांगले अभ्यास एकसारखं ठाम उत्तर देत नाहीत, तेव्हा मी नियम करत नाही, माणूस बघतो. मधुमेह आहे आणि दर आठवड्याचं स्टेरॉइड झेपणार नाही, किंवा साध्या औषधाची जोरदार ॲलर्जी आली, तर मी नॅनो-रूपाकडे वळतो. बोटांत आधीच मुंग्या असतील, किंवा शिवणकाम, वाद्यवादन असं बोटांवर चालणारं काम असेल, तर साध्याकडे.

आतापर्यंतचं सार इतकं की ताईंना कमी प्रतीचं औषध दिलं जात नाहीये. पहिल्या औषधाला नॅनोचा पर्याय आहे, पण त्यांच्या परिस्थितीत तो वरचढ नाही. दुसऱ्या औषधाच्या बाबतीत पर्याय खरा आहे आणि त्याबद्दल डॉक्टरांशी बोलायला हरकत नाही.

पण एक मोठी गोष्ट तुमच्या प्रश्नात राहून गेलीय. बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (पेशींवरचे संप्रेरकांचे रिसेप्टर) आणि हर-टू काय आलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी वर जे लिहिलंय त्यातलं बरंच त्यावर बदलू शकतं. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅबसारखी, हर-टूला लक्ष्य करणारी औषधं केमोसोबत हवीत, आणि डॉक्सोरुबिसिन टाळूनही उत्तम उपचार करता येतो. तिन्ही निगेटिव्ह असतील तर इम्युनोथेरपी जोडण्याचा विचार करावा लागतो. नॅनो की साधं, यापेक्षा या तीन ओळींनी ताईंच्या भविष्यात कितीतरी जास्त फरक पडतो. डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हाच. दुसरा, हृदयाचा इको झालाय का आणि इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) किती आहे.

हर-टू वरून आठवलं. तुम्हाला नॅनोकणांत जे आवडलं, औषध बरोबर पेशीपर्यंत नेऊन तिथेच सोडायचं, ते सध्या सगळ्यात चांगलं साधलंय अँटिबॉडीला केमोचा रेणू जोडलेल्या औषधांनी. ती काटेकोर अर्थाने नॅनोकणांत मोडत नाहीत. आकार दहाएक नॅनोमीटर, म्हणजे लायपोसोमपेक्षा कितीतरी लहान, आणि म्हणूनही ती गाठीत खोलवर जाऊ शकतात. ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅनमध्ये एका अँटिबॉडीवर औषधाचे आठ रेणू असतात. ते पेशीच्या आतल्या विकरांनी सुटतात आणि शेजारच्या पेशींनाही मारतात. पसरलेल्या हर-टू पॉझिटिव्ह आजारात २०२२ च्या अभ्यासात एका वर्षानंतर आजार न वाढलेल्या रुग्णांचं प्रमाण त्याने ७५.८ टक्के होतं, आधीच्या पिढीच्या तशाच औषधाने ३४.१ टक्के. मला स्वतःला भविष्य या दिशेला जास्त स्पष्ट दिसतं. पण ‘फक्त कर्करोगाच्या पेशी’ हे इथेही खरं नाही. त्याच अभ्यासात १०.५ टक्के रुग्णांना फुप्फुसाला सूज आली.

चाचण्यांबद्दल. ताईंनी क्लिनिकल ट्रायलमध्ये जाऊ नये असं मी म्हणत नाही. चांगल्या ट्रायलमध्ये प्रमाणित उपचार सोडायला लावत नाहीत; त्यात भर घालतात किंवा त्याच्याशी तुलना करतात. म्हणून असा अभ्यास दिसला तर तीन गोष्टी पाहा: तो कितव्या टप्प्याचा आहे, तुलनेच्या गटाला काय मिळतंय, आणि तो पसरलेल्या आजारासाठी आहे की सुरुवातीच्या. नॅनोच्या बहुतेक नव्या ट्रायल पहिल्या टप्प्याच्या आणि इतर उपचार संपलेल्या रुग्णांसाठी असतात. ताईंची जागा तिथे नाही, आणि ती तशी नाही हे भाग्यच म्हणायचं. प्रायोगिक औषधासाठी कोणी मोठी रक्कम मागत असेल तर तिथून उठून या. ‘नॅनो’ असं लिहिलेली पूरक औषधं कोणी सुचवली तर केमो चालू असताना ती घेऊ नका. त्यांतली काही यकृतातल्या त्याच विकरांशी झगडतात जी पॅक्लिटॅक्सेल पचवतात.

राहिला केसांचा प्रश्न. तो शेवटी घेतलाय, पण तो लहान नाही. अनेक स्त्रिया मला सगळ्यात आधी तोच विचारतात. डॉक्सोरुबिसिन आणि पॅक्लिटॅक्सेल या क्रमात केस जवळपास नक्की जातात, पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत. अल्ब्युमिनवालं पॅक्लिटॅक्सेल दिलं तरी जातात. केमो संपल्यावर काही महिन्यांत परत येतात, सुरुवातीला कधी वेगळ्या पोताचे. केमोच्या वेळी टाळू थंड ठेवणारी यंत्राची टोपी काही केंद्रांत मिळते. पॅक्लिटॅक्सेलवर तिचा उपयोग चांगला होतो, डॉक्सोरुबिसिनवर कमी, पण काही जणींचे बरेच केस टिकतात. ही टोपी अगदी पहिल्या केमोपासून, दर वेळी अर्धा तास आधी चढवावी लागते. केस गळायला लागल्यावर सुरू करून उपयोग नाही. त्यामुळे ताईंना हवी असेल तर पहिल्या तारखेच्या आधीच केंद्रात चौकशी करून ठेवा.